आत्यासाठी मेमरी केअर शोधतेय : काय बघू, काय विचारू?

रानजाई (धागाकर्ती) | रविवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहून टाकते. लांबणार आहे, आधीच माफी मागते.

आत्या ७९ वर्षांची. लग्न केलं नाही, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. आम्हा भावंडांना आईवडिलांपेक्षा तिचा धाक जास्त. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. आधी किल्ल्या, मग पैशांचे हिशेब, मग ओळखीचे रस्ते. गेलं वर्षभर ती माझ्याकडे आहे. घरात मी, नवरा आणि दिवसा येणाऱ्या एक मदतनीस ताई.

दुपारी चारपर्यंत आत्या बरी असते. पेपर हातात धरते, वाचते की नाही देव जाणे, पण पानं उलटते. तिन्हीसांजा झाल्या की तगमग सुरू. पर्स काखेला, चपला पायात, "मला घरी जायचंय, उशीर होतोय." दार उघडलं नाही तर रडते, कधी हात उगारते. गेल्या महिन्यात पहाटे तीनला कडी काढून निघाली. फाटकापाशी सापडली. पायात दोन वेगवेगळ्या चपला, हातात टीव्हीचा रिमोट.

त्या रात्रीपासून मी दाराला पलंग लावून झोपते. म्हणजे झोपत नाहीच.

दोन जागा बघून आले. पहिलीत शिरल्याशिरल्या कारंजं, पियानो, ताजी फुलं. ती असिस्टेड लिव्हिंगची जागा, पण मॅनेजर म्हणाल्या, "विसरभोळे असतील तरी आम्ही घेतो." दुसरी फक्त मेमरी केअरची. दाराला आकड्यांचं कुलूप. मला आत शिरतानाच छातीत धस्स झालं. नवऱ्याला पहिली आवडली. खरं सांगायचं तर मलाही. पण निर्णय घ्यायला हात धजत नाहीये. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा ना, नेमकं बघायचं काय?

निवांत | रविवार, रात्री ११.५८

वाचतोय. आमच्याकडेही हे दिवस येणार असं दिसतंय. धाग्याची खूण साठवली.

उंबरठा | सोमवार, सकाळी ६.१५

रानजाई, मी अकरा वर्षं मेमरी केअरमध्ये परिचारिका होते. रात्रपाळीच जास्त. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी दोन्हींतला फरक. असिस्टेड लिव्हिंग हे अशा माणसासाठी असतं ज्याला आंघोळीला, कपडे घालायला, गोळ्या वेळेवर घ्यायला हात लागतो, पण "मला मदत हवी आहे" हे त्याचं त्याला कळतं. तो घंटा वाजवू शकतो. जेवणाची वेळ झाली की खाली येतो. मेमरी केअर त्याच्यासाठी असतं ज्याला मदत हवी आहे हेच कळत नाही. तिथे माणसाने मदतीकडे जायचं नसतं, मदतीने माणसाकडे यायचं असतं. तुमच्या आत्याने पहाटे तीनला घंटा वाजवली असती का? मग उत्तर झालं.

कात्झ नावाच्या डॉक्टरांची १९६३ सालची रोजच्या सहा कामांची यादी अजून सगळीकडे वापरतात : आंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठबस, मलमूत्रावर ताबा, स्वतःच्या हाताने जेवणं. कुठेही गेलात तरी प्रवेशाआधी मूल्यमापनात हेच विचारतील, आणि त्यावरून पायरी ठरवून पैसे आकारतील. प्रामाणिकपणे सांगा. बरेच नातेवाईक लाजेखातर किंवा प्रवेश नाकारतील या भीतीने थोडं झाकून सांगतात, "कधीतरी ओलं होतं" वगैरे. पहिल्याच रात्री खरं कळतं, आणि तोवर त्या पाळीला माणसं कमी नेमलेली असतात. हाल होतात ते पेशंटचे. हात उगारते हेही सांगा.

आता बघायचं काय. कारंजं बघू नका. रहिवाशांची नखं बघा. चष्म्याच्या काचा बघा, पुसलेल्या आहेत की बोटांचे ठसे आहेत. श्रवणयंत्र कानात आहे की खणात, आणि त्यात बॅटरी आहे का. पुरुषांची दाढी. ही कामं कोणाच्या तपासणीत येत नाहीत, म्हणून त्यांवरून सगळं कळतं.

आणि भेटीची वेळ ते देतील ती घेऊ नका. सकाळी अकराला प्रत्येक जागा छान असते. संध्याकाळी साडेसहाला जा, रविवारी जा. पाळी बदलताना जा. तुमच्या आत्याची तगमग होते त्या वेळी तिथल्या इतर आत्यांचं काय चाललंय ते बघा.

पागोळी | सोमवार, सकाळी ९.३०

उंबरठाताईंच्या प्रत्येक ओळीला अनुमोदन. आम्ही कारंज्याला भुललो होतो.

आईला असिस्टेड लिव्हिंगमध्ये ठेवलं. जागा सुरेख, खोलीतून बाग दिसायची, माणसं गोड बोलणारी. आई तेव्हा बोलायलाही ठीक होती, पाहुण्यांसमोर तर अगदी छान. महिन्याभराने तिचा ब्लाउज खांद्यावरून ओघळताना पाहिला. सुईने टीप घालायला घेतली तेव्हा लक्षात आलं की कपडा सैल झालेला नाही, आई आटली आहे. जेवायची खोली दोन मजले खाली. आईला लिफ्टमधलं कुठलं बटण दाबायचं ते आठवत नव्हतं. ती लिफ्टपर्यंत जायची आणि परत यायची. विचारलं की म्हणायची, "झालं माझं जेवण." नोंदवहीत तिच्या नावापुढे रोज "खाली आल्या नाहीत, खोलीत जेवल्या असाव्यात" असं लिहिलेलं होतं. असाव्यात!

कोणी दुष्ट नव्हतं हो. ती जागाच तिच्यासाठी नव्हती, आणि रिकामी खोली भरायची म्हणून त्यांनी हो म्हटलं होतं. सहा महिन्यांत दुसरीकडे हलवावं लागलं. एक घर बदलणं या माणसांना झेपत नाही, आईला दोनदा बदलायला लावलं.

बिनधास्त | सोमवार, दुपारी १.०५

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ज्या आत्याने तुम्हाला वाढवलं तिला कुलपाच्या दारामागे ठेवणार? घरची माणसं ती घरची माणसं. चोवीस तास बाई ठेवा, दाराला वरती कडी लावा. आमच्या आजोबांना शेवटपर्यंत घरीच सांभाळलं.

कवडसा | सोमवार, दुपारी १.४०

बिनधास्त, "सांभाळलं" हे कर्तरी की कर्मणी? म्हणजे सांभाळलं कोणी? तुम्ही की तुमच्या आईने? रात्री तीनला अंथरूण कोण बदलायचं?

मी सासूबाईंना सहा वर्षं घरी केलं. पाठीचा मणका गेला तो त्यांना बाथरूममधून उचलताना. सहाव्या वर्षी एका दुपारी त्यांनी विसाव्यांदा तोच प्रश्न विचारला आणि मी हातातलं ताट भिंतीवर फेकलं. त्यांना लागलं नाही, नशीब. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, लहान मूल बघतं तसं. दुसऱ्या दिवशी मी जागा शोधायला लागले. घरीच ठेवणं म्हणजे प्रेम हे समीकरण माझ्यापुरतं त्या ताटाबरोबर फुटलं.

वरच्या कडीबद्दल : आग लागली तर? आतून न उघडणारं दार घरी असलं की जास्त धोक्याचं. चांगल्या मेमरी केअरची कुलपं आगीचा भोंगा वाजला की आपोआप उघडतात. रानजाई, हे विचारून घ्या आणि शक्य असेल तर दाखवायला सांगा.

बिनधास्त | सोमवार, दुपारी २.२०

आईने. आणि थोडं काकूने. बरोबर आहे तुमचं. गप्प बसतो.

रानजाई | सोमवार, रात्री १०.५०

बिनधास्त, गप्प बसू नका, तुम्ही लिहिलंत तेच माझा मोठा भाऊ फोनवर रोज म्हणतो. फरक इतकाच की तो येत नाही.

पागोळीताई, "असाव्यात" वाचून पोटात ढवळलं. पियानोवाली जागा बाद केली आहे. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला, तो काही बोलला नाही, पण माहितीपत्रक रद्दीत दिसलं.

जुनीवही | मंगळवार, सकाळी ८.१०

मी कागद वाचणारा माणूस आहे, त्यामुळे करारावर बोलतो. बाबांच्या वेळी तीन करार वाचले, एकाच्या समासात इतक्या खुणा केल्या की मॅनेजरने नवी प्रत दिली.

सगळ्यात महत्त्वाचं कलम शेवटच्या पानांत असतं : कोणत्या परिस्थितीत ते तुम्हाला "आता घेऊन जा" म्हणू शकतात. दोन माणसांनी उचलावं लागलं तर? हात उगारला तर? नळीने जेवायला लागलं तर? पैसे संपले तर? हे चारही प्रश्न लेखी विचारा. "तशी वेळ येत नाही" हे उत्तर धरू नका. अखेरपर्यंत ठेवतात का, अखेरच्या दिवसांत वेदनाशामक सेवेची माणसं तिथे येऊ देतात का, हेही.

दुसरं, पैसे. मूळ रकमेत काय आणि वर काय. डायपर, औषधं देण्याचा आकार, दवाखान्यात सोबत, धुणं. काळजीची पायरी कोण वाढवतो, किती दिवस आधी कळवतो, आणि तुम्हाला ती पटली नाही तर फेरतपासणी मागता येते का. बाबांची पायरी चार महिन्यांत दोनदा वाढली. दुसऱ्यांदा मी नोंदवही मागितली, तर वाढीचं कारण "रात्री उठतात". बाबा रात्री उठतात हे मीच त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं. वाढ मागे घेतली.

ते दवाखान्यात असतील त्या दिवसांचं काय? खोलीचं भाडं चालू, पण काळजीचे पैसेही चालू? अनामत किती दिवसांत परत? हे विचारताना ओशाळं वाटतं. वाटू द्या.

तिसरं. आत्याबाईंची सही, त्यांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार, उपचारांबद्दल त्यांची इच्छा, हे सगळं त्यांना समजतंय तोवर व्हायला हवं होतं. झालंय का? नसेल तर आज वकिलाला फोन करा, उद्या नको. निदान झालं म्हणजे सही करता येत नाही असं नसतं, त्या क्षणी समज आहे का हे बघतात. चांगल्या दिवशी, सकाळी.

रानजाई | मंगळवार, सकाळी ९.००

ते आत्याने स्वतःच केलंय. निदान झालं त्याच महिन्यात. सगळी कागदपत्रं एका फाईलमध्ये, वर तिच्या अक्षरात "गोंधळ झाल्यावर उघडणे".

जुनीवही | मंगळवार, सकाळी ९.०४

आत्याबाईंना साष्टांग नमस्कार.

चकवा | मंगळवार, रात्री ९.२५

एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. औषधं.

माझ्या वडिलांना लेवी बॉडी प्रकारचा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता. अल्झायमर नव्हे. त्यांना खोलीत मुलं खेळताना दिसायची. त्रास काही नव्हता, ते त्या मुलांसाठी खुर्चीत जागा सोडून बसायचे. पण संध्याकाळी आरडाओरडा झाला म्हणून त्यांना ठेवलं होतं तिथल्या डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉल (भास, आक्रमकपणा शमवायला देतात ते अँटिसायकोटिक औषध) सुरू केलं, आम्हाला न विचारता. दोन दिवसांत वडील लाकडासारखे ताठ झाले, गिळता येईना. लेवी बॉडीवाल्यांना ही औषधं भलतीच बाधतात हे आम्हाला नंतर कळलं. ते त्यातून उठले, पण चालणं गेलं ते गेलंच.

प्रकार कुठलाही असो, डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या वर्गातल्या नव्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ साली दिला, आणि २००८ मध्ये जुन्या औषधांनाही तो लागू केला. कधीच देऊ नयेत असं नाही, काही वेळा दुसरा इलाज उरत नाही. पण विचारा : तुमच्याकडे किती जण या औषधांवर आहेत? सुरू करण्याआधी घरच्यांना विचारता का? बंद करून बघता का? हा प्रश्न ऐकून समोरचा माणूस चिडला तर उठून या.

आणि आत्याचं निदान नीट झालंय ना? अल्झायमर, रक्तवाहिन्यांचा, लेवी बॉडी, फ्रंटोटेम्पोरल, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. "स्मृतिभ्रंश" एवढंच फाईलवर लिहून पाठवू नका.

उंबरठा | मंगळवार, रात्री १०.१०

चकवा, फार महत्त्वाचं लिहिलंत. वाईट वाटलं वाचून.

याला जोडून : माणूस महिन्यांच्या हिशेबाने बिघडतो तेव्हा तो आजार असतो. दोन दिवसांत अचानक बिघडला, झोपाळू झाला किंवा भलतंच बरळायला लागला, तर तो डिमेन्शिया वाढलेला नसतो, बहुतेक वेळा दुसरं काहीतरी असतं. लघवीचा संसर्ग, पोट साफ नसणं, पाणी कमी जाणं, दुखणं जे सांगता येत नाही, नवीन गोळी. चांगल्या जागेतली साधी केअरटेकरही म्हणते, "आज आजी वेगळ्या वाटताहेत, लघवी तपासू या." तिथल्या कोणालाही विचारून बघा, "अचानक कोणी आरडाओरडा करायला लागलं तर तुम्ही आधी काय बघता?" उत्तर "डॉक्टरांकडून झोपेचं काही घेतो" असं आलं तर समजा.

आणखी एक प्रश्न, माझा आवडता : "आंघोळीला नाही म्हणाल्या तर काय करता?" वाईट उत्तर : "समजावतो." त्याहून वाईट : "करून घेतोच." चांगलं उत्तर लांबलचक असतं. मग येतो थोड्या वेळाने, दुसऱ्या कोणाला पाठवतो, न्हाणीघर आधी गरम करतो, आरसा झाकतो कारण त्यांना तिथे परकी बाई दिसते, अंगावर टॉवेल ठेवूनच पुसून घेतो, आज नाही तर उद्या. ज्याने हे केलंय तो सांगताना हात हलवतो, तुम्हाला दिसेल.

निवांत | बुधवार, सकाळी ७.४५

थोडं अवांतर. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळ वेस्प नावाच्या गावात द होगवाइक म्हणून डिमेन्शिया झालेल्यांसाठी अख्खी वस्तीच आहे. २००९ पासून. सहा-सात जणांचं एकेक घर, आत दुकान, चौक, उपाहारगृह. वस्तीबाहेर जाता येत नाही, पण वस्तीत मनसोक्त भटकता येतं. कर्मचारी साध्या कपड्यांत. यावर "ही माणसांची फसवणूक आहे" अशीही टीका होते. मला वाटतं, ज्याला मागचं वाक्य आठवत नाही त्याला आपण कुठल्या खरेपणाचा हट्ट धरतोय?

कवडसा | बुधवार, सकाळी ८.२०

अवांतर नाहीये हे. तसली वस्ती आपल्याला मिळणार नाही, पण त्यातलं घेण्यासारखं आहेच : चालायला जागा आहे का, आणि चालत गेलं की भिंतीशी संपते का परत फिरून येते? सासूबाईंच्या जागी लांब बोळ होता, टोकाला बंद दार. बिचाऱ्या दिवसातून पन्नास वेळा त्या दारापर्यंत जाऊन ठोकायच्या. नंतर तिथे एक बाक आणि खिडकीसारखं मोठं चित्र लावलं, तर ठोकणं थांबलं. दारात काळं पायपुसणं असलं तर तेही बघा. या माणसांना तो खड्डा वाटतो, पाय उचलत नाहीत. आणि ताटं! पांढऱ्या ताटात पांढरं जेवण दिसत नाही त्यांना. २००४ साली गडद रंगाच्या ताटल्या-पेल्यांचा अभ्यास झाला होता, त्यात आजार पुढे गेलेली मंडळी ठळक रंगाच्या भांड्यांतून जास्त जेवली होती. मी घरी लाल ताट आणलं, त्याच ताटाचा मग मी भिंतीवर... असो.

रानजाई | शनिवार, रात्री ११.१५

सगळ्यांचे आभार, प्रत्येकाला वेगळं उत्तर देत नाही.

या आठवड्यात तीन जागा बघितल्या, तिन्ही न सांगता, संध्याकाळी. एका ठिकाणी टीव्हीसमोर चौदा जण ओळीने, आवाज टिपेला, एकही कर्मचारी खोलीत नाही. दुसऱ्या ठिकाणी आत घेतलंच नाही, "अपॉइंटमेंट घेऊन या".

तिसरी जागा म्हणजे ती कुलूपवालीच. रंग उडालेला, लॉबी वगैरे काही नाही, थोडा फिनेलचा वास. एक आजोबा दाराशी उभे राहून ओरडत होते, "गाडी चुकेल माझी." एक मुलगी आली, विशीतली असेल. तिने "गाडी नाहीये आजोबा" असं म्हटलं नाही. त्यांच्या शेजारी उभी राहिली, दाराकडे तोंड करून, त्यांच्यासारखीच. म्हणाली, "कुठली गाडी?" त्यांनी सांगितलं. "सामान कुठंय?" ते थबकले. "सामान बांधायला हवं मग." आणि दोघं हातात हात घालून सामान बांधायला गेली. पाच मिनिटांनी आजोबा टॉवेलच्या घड्या घालत बसले होते.

मी तिला आंघोळीचा प्रश्न विचारला. उंबरठाताई, तिने हात हलवले.

रात्री वीस जणांना दोन कर्मचारी आणि एक परिचारिका. मुख्य बाई नऊ वर्षं तिथेच आहेत. दाराचं कुलूप भोंग्याला उघडतं, त्यांनी दाखवलं. औषधांचा प्रश्न विचारला तेव्हा चिडल्या नाहीत, म्हणाल्या, "हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात." उणं असं की खोली लहान आहे आणि खिडकीतून मागची भिंत दिसते. करार जुनीवहींच्या यादीप्रमाणे वाचतेय, "दोन माणसांनी उचलावं लागलं तर" यावर त्यांनी लेखी उत्तर दिलंय. आधी तीन आठवडे तात्पुरतं ठेवून बघायचं ठरलंय.

जुनीवही | रविवार, सकाळी ७.३०

भिंत दिसते म्हणून किंमत कमी करून मागा.

पागोळी | रविवार, सकाळी १०.००

रानजाई, जाण्याबद्दल आठवडाभर आधीपासून सांगत बसू नका. आम्ही आईला रोज समजावलं, रोज ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हादरायची. आदल्या दिवशी खोली लावून घ्या : तिचीच चादर, तिचीच उशी, भिंतीवर जुने फोटो (तरुणपणचे, आत्ताचे नकोत, आत्ताचा चेहरा तिला तिचा वाटेलच असं नाही). दागिने घरी. चष्म्याचा जादा जोड. प्रत्येक कपड्यावर नाव.

उंबरठा | रविवार, दुपारी ४.३०

आणि एक पान लिहून द्या. आजाराचं नाही, माणसाचं. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, कशाने चिडते, कुठल्या कुशीवर झोपते, आयुष्यभर संध्याकाळी सहाला काय करायची. शेवटचं नक्की लिहा. तिन्हीसांजेची तगमग मेंदूच्या घड्याळामुळे होत असावी असं म्हणतात, पण तिला दिशा जुन्या सवयीने मिळते.

पहिले दिवस भेटायला जायचं की नाही यावर आमच्यातही एकमत नसायचं. काही जागा पंधरा दिवस येऊ नका म्हणतात. मला ते सरसकट पटत नाही. जा, पण थोडा वेळ, आणि निघताना "येते" म्हणून दारात उभं राहू नका. जेवायच्या वेळी निघा, तिचं लक्ष ताटात असतं.

रानजाई | रविवार, रात्री १०.४०

संध्याकाळी सहाला काय करायची ते मला माहीतच नव्हतं. बाबांना फोन केला. म्हणाले, "अगं, सहा ते आठ तिच्याकडे शिकवणी नसायची का? पंधरा-वीस पोरं. शाळेतून येऊन चहा न घेता ती बसायची." म्हणजे वर्षभर रोज संध्याकाळी ती पोरं दारात उभी आहेत असं समजून आत्या जिवाचा आटापिटा करतेय, आणि मी तिला सांगतेय, "अगं हेच तुझं घर."

रानजाई | सात आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ९.५०

दोघातिघांनी विपूत (माझ्या विचारपूस पानावर) विचारलं म्हणून इथेच लिहिते.

पहिले दहा दिवस वाईट गेले. आत्याने एका सेविकेच्या हाताला चावा घेतला. मी गाडीत बसून रडले, भाऊ फोनवर म्हणाला, "मी सांगत होतो." तिचं पहिल्या आठवड्यात दीड किलो वजन उतरलं, ते मात्र त्यांनीच फोन करून कळवलं, मी विचारण्याआधी. मग त्यांनी तिचं ताट मोठ्या टेबलावरून काढून दोघींच्या टेबलावर मांडलं. आता वजन जागच्या जागी आहे.

तीन आठवड्यांनी आम्ही पक्कं केलं. संध्याकाळी सहाला तिला ऑफिसच्या बाहेरचं टेबल मिळतं. ती बसते, समोर कोणी आलं की "उशीर का झाला?" विचारते. सगळ्या संध्याकाळी बऱ्या जात नाहीत. परवाच परत दार ठोकत होती. मला ती आता बहुतेक वेळा माझ्या आईच्या नावाने हाक मारते. मीही ओ देते.

चकवा | शुक्रवार, रात्री १०.०५

झोपता का आता?

रानजाई | शुक्रवार, रात्री १०.१२

पलंग भिंतीला परत लावला. तीनला जाग अजून येते. उठून कडी बघते आणि झोपते.

बिनधास्त | शुक्रवार, रात्री १०.३०

इथे पूर्वी चढ्या आवाजात लिहून गेलो होतो. धागा आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. बाकी काही बोलली नाही. रानजाई, काही लागलं तर सांगा.

निवांत | शनिवार, सकाळी ८.००

आमच्याकडे परवा काका पहिल्यांदा रस्ता चुकले. धागा पुन्हा पहिल्यापासून वाचतोय. रानजाई, कपड्यांवर नाव घातलंत त्याला कसली शाई? धुण्यात जात नाही ना?

रानजाई | शनिवार, सकाळी ८.४०

शाई जाते. शिवायची लेबलं करून घ्या, आणि चपलांच्या आतही लावा. मी चपला विसरले. मंगळवारी गेले तर आत्याच्या पायात शेजारच्या आजींच्या चपला आणि आजींच्या पायात आत्याच्या. दोघींच्या मापात दोन नंबरांचा फरक. आत्याला म्हटलं, "या तुझ्या नाहीत." तिने पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दोन्ही सारख्या आहेत ना? मग झालं."